बाईसाहेबांची चूल

सिंगापूरला, बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत टीव्हीची होती, एक खिडकीची, एक बुद्धमूर्तीची आणि चौथी पप्पांच्या जहाजाची. टीव्ही बघायचा तर जहाजाकडे पाठ करावी लागे, आणि ते पप्पांना आवडत नसे. म्हणून आम्ही तिघंही सोफ्यावर जरा तिरके बसायचो. ती सवय माझी आजही गेलेली नाही. आता केस पांढरे व्हायला लागले तरी टीव्हीसमोर मला सरळ बसता येत नाही, आणि माझ्या नवऱ्याला ते पाठीचं दुखणं वाटतं. मी त्याला वाटू देते, कारण खरं कारण सांगायचं म्हणजे हे सगळं प्रकरण सांगावं लागेल.

जहाज घरात आलं ते आधी कागदाच्या रूपात. रविवारी सकाळी आमच्या ब्लॉकखाली कारांग गुनीवाला यायचा, म्हणजे आपल्याकडचा रद्दीवाला, फक्त याच्याकडे ओरडण्याऐवजी रबरी हॉर्न असे. तो हॉर्न, शेजारच्या आंटीच्या कढईत पडणाऱ्या लसणाचा चुर्र आवाज आणि मागून जाणारी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, या तीन आवाजांवर आमचा रविवार उजाडायचा. सगळा ब्लॉक त्या माणसाला जुन्या वस्तू विकायचा. पप्पा एकटे असे होते की त्याच्याकडून जुन्या वस्तू विकत घ्यायचे. त्यामुळे तो आमच्या मजल्यावर आला की हॉर्न दोनदा वाजवायचा, आणि आई त्याला पाहून दार लोटून घ्यायची.

पप्पा आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत क्वालिटी बघत. जगातल्या प्रत्येक वस्तूत चूक असते, फक्त ती सापडायची बाकी असते, ही त्यांची नोकरीही होती आणि स्वभावही. त्या माणसाच्या हातगाडीत त्यांना कागदाची एक लांबलचक गुंडाळी मिळाली. कुणा हौशी माणसानं जहाजाचं मॉडेल करण्यासाठी आणलेलं ते ड्रॉइंग होतं. वर जहाजाची थोडी माहिती होती. मुंबईच्या गोदीत बांधलेलं, मलबारी सागाचं, चीनला माल नेण्यासाठी. माहिती तिथेच अर्ध्यात तुटली होती, कारण कागदाची खालची पट्टी फाटून गेली होती. जहाजाच्या भागांवर ए, बी, सी अशी अक्षरं होती, आणि कुठलं अक्षर म्हणजे काय ते सांगणारी यादी नेमकी त्या फाटलेल्या पट्टीवर होती. माझ्या वडिलांसारख्या माणसाला हे म्हणजे आमंत्रणच होतं.

जहाजाला एका इंग्रज बाईचं नाव होतं. ते आईच्या जिभेवर बसेना, म्हणून ती पहिल्या दिवसापासून त्याला बाईसाहेब म्हणायला लागली. "बाईसाहेबांना जरा सरकवा, मला केर काढायचाय," असं ती म्हणे, आणि पप्पा खरंच उठून सरकवत.

पप्पांना जहाजाचं वेड का, याचं कारण आमच्या घरात एका वाक्यात होतं. पप्पांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडच्या गावातून पळून जाऊन बोटीवर खलाशी झाले. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. पुष्कळ वर्षांनी ते परत आले आणि मरेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिले: बोटीवर सगळे एका हंड्यातलं जेवायचे. कुठल्या बोटीवर, कुठल्या समुद्रात, हंड्यात काय असायचं, हे काही कुणाला ठाऊक नाही. ते एक वाक्य मात्र पिढ्यान्पिढ्या उतरत आलं, जसं दुसऱ्यांच्या घरात सोनं उतरतं. पप्पांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी लहानपणी हंडा म्हणजे बोटीचाच एक भाग समजत असे.

मग पप्पांनी बाईसाहेबांना बांधायला घेतलं. मूळ जहाज सागाचं, तर मॉडेलही सागाचंच हवं. आमच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, लोक जुनं फर्निचर टाकून जात. पप्पा तिथल्या प्रत्येक कपाटाचा वास घेऊन बघत. एकदा एका म्हाताऱ्या अंकलनी विचारलं, "यू ओके ऑर नॉट?" पप्पा म्हणाले, "टीक, अंकल, टीकवुड. चेकिंग ओन्ली." सागाची फळी मिळाली की ती कापायची, घासायची, वाफेवर वाकवायची. वाफ आईच्या इडलीच्या भांड्याची. आमच्याकडे कित्येक महिने इडल्या झाल्या नाहीत, आणि झाल्या तेव्हा त्यांना फर्निचरचा वास होता. आई त्या चटणीबरोबर खायला द्यायची, म्हणजे इकान बिलिस या इथल्या सुकटीची झणझणीत चटणी, जिच्यापुढे सागाचं काही चालायचं नाही.

सांगाडा झाला, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोर ओवले गेले, आणि पप्पा के या अक्षरापाशी येऊन अडकले. के हे अक्षर डेकच्या मधोमध, पुढच्या डोलकाठीच्या मागे होतं. तिथे विटांचं चौकोनी बांधकाम होतं, त्यात शेजारी शेजारी दोन प्रचंड हंडे बसवलेले, खाली जाळाला तोंडं, आणि त्याच्याही खाली पाण्याचं एक पसरट टाकं. पप्पांनी ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि आईला बोलावलं. आई पीठ मळत होती. तिनं लांबूनच बघितलं.

"चूल आहे ही," ती म्हणाली.

"जहाजावर विटांची चूल?"

"मग कशाची असणार? हा भाताचा हंडा, हा डाळीचा. एवढ्या माणसांचं होणार कुठे? आणि खाली पाणी आहे ते ठिणगी उडाली तर लाकूड पेटू नये म्हणून. तुमच्यासारखाच कोणीतरी असेल तिथे."

पप्पांनी थोडा वेळ विचार केला आणि मग ते एकदम खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते बघून अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी फ्रिज उघडून उगाच आत बघत उभी राहिले. खापरपणजोबांचा हंडा त्यांना सापडला होता, मुंबईत बांधलेल्या जहाजावर, विटा आणि मोजमापांसकट.

ती चूल पप्पांनी ज्या मायेनं केली तशी माया बाकीच्या जहाजाला मिळाली नाही. डेंग्यूची तपासणी करणारे लोक येऊन आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी साठतं म्हणून ताकीद देऊन गेले होते. पप्पांनी ती मातीची कुंडी फोडून तिच्या इवल्या इवल्या विटा घासल्या आणि चिमट्यानं एकेक बसवली. हंडे म्हणजे आईच्या काजळाच्या दोन जुन्या डब्या. पितळी पट्टीवर त्यांनी अक्षर कोरलं, के, आणि खाली मराठीत, चूल.

आता पुण्याच्या एका काकूंबद्दल सांगायला हवं. पप्पांच्या ऑफिसात पुण्याचे एक काका होते, चांगला माणूस, पप्पांबरोबर रोज दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवणारा. त्यांच्या घरी आमचं जाणंयेणं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाल्या. पुढच्या खेपेपासून बाकीच्या पाहुण्यांना स्टीलची ताटं आणि आम्हा तिघांना पेपर प्लेट. वाढायच्या अगदी प्रेमानं, आग्रह करकरून. येताना एमआरटीत पप्पा म्हणाले, "एवढी भांडी धुवायची म्हणजे त्रासच की."

"हो," आई म्हणाली. "आपल्याच तिघांची जड जातात."

मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं, पण राग मात्र नीट आला होता. पप्पांनी त्या घरी जाणं सोडलं नाही आणि भांडणही केलं नाही. त्यांना एकदाच, चारचौघांत, त्या काकूंच्या समोर, एका हंड्याचं ते वाक्य बोलायचं होतं, आणि बोलताना शेजारी पुरावा हवा होता. क्वालिटीतला माणूस पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही.

ती संधी एप्रिलमध्ये आली. आम्हा बौद्ध मंडळींची पाच-सहा कुटुंबं दरवर्षी जयंती एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये साजरी करायची. आधी वंदना आणि पंचशील, मग भाषणं, मग जेवण. आमच्यात वडीलकी गजभिये काकांकडे. ते संशोधक होते, पण त्यांचं खरं प्रेम सभा घेण्यावर होतं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की इतर मराठी लोकांनाही बोलवायचं, आणि मुख्य आकर्षण म्हणून पप्पांचं जहाज ठेवायचं. पप्पांनी पुण्याच्या काका-काकूंना स्वतः फोन केला. काकू येते म्हणाल्या. पप्पा फोन ठेवून बाईसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात भाषणाची तालीम करायला लागले.

मी तेव्हा सेकंडरीत होते. हिस्ट्रीच्या वर्गात घरातली एखादी वस्तू घेऊन बोलायचं होतं. जहाज नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी फोटो नेला आणि जहाजावरच्या चुलीची गोष्ट इंग्रजीतून सांगितली. वर्गाला आवडली. सर मात्र फोटो डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.

"धिस वन व्हेलर, व्हॉट," ते म्हणाले. "यू सी द ब्रिक्स? नॉट किचन लाह."

मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं. अशी मालवाहू जहाजं जुनी झाली, मालाचे व्यापारी त्यांना विचारेनासे झाले, की देवमाशांची शिकार करणारे ती घेत. सागाचं जहाज दणकट, मारल्यानं मरत नाही. मग डेकवर विटांची भट्टी बांधायची. देवमासा मारून जहाजाच्या कडेला बांधायचा, त्याची चरबी कापून वर ओढायची आणि त्या हंड्यांत वितळवून तेल काढायचं. दिव्यांसाठी. जळण म्हणून वितळलेल्या चरबीचा चोथाच वापरत, म्हणजे देवमासा आपल्याच जाळावर शिजायचा. धूर इतका की अशा जहाजाचा वास जहाज दिसायच्या आधी येई. आणि म्हातारपणी पुष्कळांचं काय होई, तर एखाद्या बंदरात, आपल्या सिंगापूरसारख्या, डोलकाठ्या उतरवून कोळसा साठवायला उभं करत. सर हे सांगून म्हणाले, "गुड प्रोजेक्ट," आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

मी घरी आले तेव्हा पप्पा हंड्याला काळा रंग देत होते. मी दप्तर न काढताच बोलले, कारण थांबले असते तर बोलले नसते. "पप्पा, सर सेड इट्स नॉट अ किचन."

"मराठीत सांग."

मराठीत सांगणं फार अवघड होतं. चरबी, कापणं, वितळवणं, हे सगळे शब्द मला आईच्या स्वयंपाकघरातूनच माहीत होते. मी सांगत गेले. पप्पांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी ब्रश पुसून ठेवला, ड्रॉइंग काढलं, के वर बोट ठेवलं आणि एकेक गोष्ट ताडून पाहिली: विटा, जाळाची तोंडं, पाण्याचं टाकं. सगळं जुळत होतं. मग त्यांनी कपाटातून एक जुनी चादर काढून बाईसाहेबांवर घातली, बुद्धमूर्तीच्या बाजूनं जरा जास्तच खाली ओढून. त्या दिवसापासून आम्ही सोफ्यावर सरळ बसून टीव्ही बघू शकत होतो, आणि कोणालाच बघावासा वाटत नव्हता.

गजभिये काका समजूत काढायला आले. आईनं पोहे केले. काकांनी चादर उचलून बघितलं, परत सोडली, आणि पोहे संपेपर्यंत विचार केला.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "चूलच राहू दे. कोणाला कळणार आहे? आपल्यात कोणी देवमासा मारलाय का?"

"मला कळलंय," पप्पा म्हणाले.

"मग ती बाजू भिंतीकडे करू."

"ती मधोमध आहे."

"मग जहाजच नको आणूस. आत्ताच पाणातिपाता वेरमणी म्हणायचं, कुठलाही जीव मारणार नाही म्हणायचं, आणि लगेच खाटिकखाना दाखवायचा, हे काही बरं दिसणार नाही. तू नुसतं भाषण कर. खापरपणजोबांचं वाक्य आहेच."

"वाक्य होतंच हो पहिल्यापासून," पप्पा म्हणाले. "पुरावा हवा होता." काका गेल्यावर ते आईला म्हणाले, "चुकीचं लेबल लावून माल पुढे पाठवायचा नसतो." आई म्हणाली, "मग बरोबर लेबल लावा." आणि बशा उचलून आत गेली.

पुढचे सगळे शनिवार पप्पा आंग मो किओच्या लायब्ररीत गेले. काय वाचतात ते सांगत नसत. मला एवढंच दिसायचं की ते घरी येऊन मासे कमी खातात, मग एके दिवशी पुन्हा नीट खायला लागले. चादर निघाली. पितळी पट्टी त्यांनी उखडली आणि नवी कोरली, पण ती आम्हाला दिसू दिली नाही. जहाज न्यायचंच, असं त्यांनी काकांना कळवलं. काकांनी फोनवर पुष्कळ वेळ काहीतरी सांगितलं, आणि पप्पा मधून मधून "हो" म्हणत राहिले, ज्याचा अर्थ आमच्या घरात नाही असा होता.

जयंतीच्या दिवशी आई पहाटेपासून वडे थापत होती. आमच्या कोकणातले जाड, पुरीसारखे फुगणारे वडे, आणि सोबत कोंबडीचा रस्सा. हॉल भरला होता. पुण्याचे काका-काकू दुसऱ्या रांगेत बसले होते, काकू छान पैठणी नेसून. वंदना झाली, सगळ्यांनी मिळून पाणातिपाता वेरमणी म्हटलं, आणि लगेच पप्पा जहाजाशेजारी, पट्टीवर हात ठेवून, उभे राहिले. गजभिये काकांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं ध्यान करतात.

पप्पांचा आवाज सुरुवातीला लागत नव्हता. त्यांनी खापरपणजोबांची विहीर सांगितली, बोट सांगितली, आणि हंड्याचं वाक्य सांगितलं. मग म्हणाले, "इतके दिवस मी या भट्टीला चूल समजत होतो. ती चूल नाही. या जहाजानं आधी कापूस वाहिला, अफूही वाहिली असेल, आणि म्हातारपणी देवमासे मारले. त्यांची चरबी या हंड्यांत वितळली. आत्ता आपण जे शील घेतलं ते इथे रोज मोडलं. माझे खापरपणजोबा याच जहाजावर होते का, मला माहीत नाही. नसावेत."

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. मला पप्पांच्या जागी मीच उभी असल्यासारखं वाटत होतं. माझ्या मते भाषण इथे संपलं होतं, आणि आता आम्ही जहाज उचलून मान खाली घालून घरी जाणार होतो.

"पण मी आणखी वाचलं," पप्पा म्हणाले. "तेलाची पुष्कळ पिंपं भरली की त्या खलाशांची एक रीत होती. स्वयंपाकी पीठ मळायचा आणि त्याचे गोळे याच हंड्यात, त्याच उकळत्या तेलात तळायचा. सगळ्यांसाठी. काळे, गोरे, बेटांवरचे, कुठले कुठले लोक. सगळे भोवती उभे राहून खायचे. ज्या हंड्यात एवढा मोठा जीव वितळला, त्याच हंड्यातलं ते सगळे मिळून जेवले. दोन्ही खरं आहे. मी इथे फक्त एकच सांगायला येणार होतो." आणि त्यांनी पट्टीवरचा हात काढला. के, भट्टी, असं लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, इथेच जेवण.

टाळ्या आधी पडल्या नाहीत. हॉल गप्प असताना मागून आईचा आवाज आला. ती तिच्या मते हळूच बोलली होती.

"चूलच की मग."

मग मात्र सगळे हसले, पप्पासुद्धा, आणि हसताना त्यांनी चष्मा काढून पुसला. गजभिये काकांनी डोळे उघडले आणि आपणच हे सगळं ठरवलं होतं अशा चेहऱ्यानं टाळ्या सुरू केल्या. एका माणसानं जेवणाच्या टेबलापाशी येऊन वडा हातात धरून आईला विचारलं, "वहिनी, तेल कुठलं?" आई म्हणाली, "सूर्यफुलाचं."

जेवणासाठी गजभिये काकांनी पेपर प्लेटचा गठ्ठा आणला होता. आईनं तो टेबलाखाली सरकवला होता. ती घरून आमची आणि सगळ्या कुटुंबांची मिळून स्टीलची ताटं पिशव्या भरभरून घेऊन आली होती, हे मला तेव्हाच कळलं. रांगेत पुण्याच्या काकू पुढे आल्या. त्यांनी ताट बघितलं, मग आईकडे बघितलं. आईनं त्यात दोन वडे घातले, रस्सा घातला, आणि ताट त्यांच्या हातात दिलं.

"धुवायची काळजी करू नका," ती म्हणाली. "मी धुते."

काकूंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. त्या जहाजाशेजारी उभ्या राहून जेवल्या, आणि थोड्या वेळानं येऊन त्याच ताटात आणखी एक वडा घेऊन गेल्या. पप्पा लांबून बघत होते. तसा चेहरा त्यांचा मी नंतर कधीच पाहिला नाही. आता पप्पा नाहीत आणि बाईसाहेब माझ्या हॉलमध्ये आहेत, तेव्हा धूळ पुसताना मला तो चेहरा आठवतो.

ताटं घरी आली. आईनं सगळी धुऊन, पुसून, ज्याची त्याला द्यायची म्हणून टेबलावर रचली. दुसऱ्या दिवशी त्यातलंच एक ओढून तिनं मला जेवायला वाढलं. काकूंचं ताट हेच का, म्हणून मी ते उलटसुलट करून पाहिलं, मग बाकीचीही पाहिली. सगळी सारखीच होती.